लिओ फेंडर आणि पाच वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर

इलेक्ट्रिक गिटार निवडणे त्या मानाने सोपे. तिच्यासाठी घरात कोणता ॲम्प्लिफायर ठेवावा, हा प्रश्न अधिक जिकिरीचा. मुंबई-पुण्यातील असो, इंदूर-बडोद्यातील असो वा बंगळुरू-हैदराबादमधील असो, सदनिकेच्या भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब राहते, वरच्या मजल्यावर कोणी आजारी असते, आणि शिकणाऱ्याला सरावाला वेळ मिळतो तो नेमका रात्रीच्या जेवणानंतर. या प्रश्नाचे एक समंजस उत्तर ज्या माणसाच्या कार्यशाळेत तयार झाले, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावण्यासाठीही त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचे असताना गाठीमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. लहानपणी पियानोचे आणि सॅक्सोफोनचे थोडे धडे झाले, पण वाद्यवादनात मन रमले नाही. मन रमले ते रेडिओत. जॉन वेस्ट नावाच्या त्यांच्या एका नातलगाचे सांता मारिया येथे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. त्यांनी १९२२ साली तेरा वर्षांच्या लिओला रेडिओच्या टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी आणि एक बॅटरी पाठवून दिली. पुढल्या वर्षी मुलगा त्या दुकानात गेला, तेव्हा दर्शनी भागात ठेवलेला, सुट्या भागांतून जुळवलेला एक रेडिओ मोठ्या आवाजात वाजत होता. त्या आवाजाचा ठसा आयुष्यभर टिकला.

शाळेत असतानाच ते घरच्या घरी शेजारपाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करू लागले. विद्युतशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. १९२८ साली शाळा संपल्यावर फुलर्टनच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी हिशेबशास्त्र हा विषय घेतला. पुढे एका बर्फाच्या कारखान्यात माल पोहोचवण्याचे, नंतर हिशेबनिसाचे काम केले. त्याच काळात एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिक्षेपक संच बनवून मागितले आणि लिओ यांनी असे सहा संच तयार करून दिले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. राज्याच्या महामार्ग विभागातील नोकरी मंदीच्या काळात गेली. त्यानंतरची टायर कंपनीतील हिशेबनिसाची नोकरी सहा महिनेही धड टिकली नाही.

दोनदा नोकरी गेलेल्या या हिशेबनिसाने १९३८ साली सहाशे डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला परतून ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या दुकानात आहे. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र कोठे मोडते ते कळते. कोणता सांधा सुटतो, कोणता भाग तापून जळतो, कोणता स्क्रू काढताना हात पोहोचत नाही, हे कारखान्यातील अभियंत्याला उशिरा कळते आणि दुकानदाराला रोज कळते. लिओ यांच्याकडे रेडिओबरोबर स्थानिक वादकांचे ॲम्प्लिफायरही दुरुस्तीला येऊ लागले, आणि त्या यंत्रांची रचना किती गैरसोयीची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

डॉक कॉफमन या वादक-कारागिराशी त्यांची ओळख झाली. दोघांनी मिळून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ‘के अँड एफ’ या नावाने मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि त्यांच्या जोडीचे छोटे ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. भारतात या वाद्याला हवाईयन गिटार म्हणतात. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी याच जातीच्या विजेच्या वाद्यांवर वाजवलेली चित्रपटगीते मागील पिढीतील अनेक मराठी घरांतही ऐकली गेली आहेत. कॉफमन यांना धंदा वाढवण्याची जोखीम नको होती, म्हणून १९४६ साली ते बाजूला झाले. लिओ यांनी कंपनीचे नाव बदलून ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ असे ठेवले. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. कामगारांचे पगार कसेबसे निघत, आणि एस्थर यांच्या टेलिफोन कंपनीतील पगारावर घर चाले. फेंडर यांच्या चरित्रात हा तपशील सहसा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक त्या पगारावाचून ही कंपनी दोन वर्षेही तगली असती की नाही, याची शंका आहे.

त्या वेळच्या अमेरिकेत स्टील गिटार शिकवणारे वर्ग गावोगावी होते. शिकायला येणारा विद्यार्थी गिटार आणि ॲम्प्लिफायर अशी जोडी घेई. ही जोडी स्वस्त हवी, हलकी हवी, आणि बैठकीच्या खोलीत वाजवता येईल इतपतच मोठी हवी. लिओ यांच्या १९४६ सालच्या सर्वांत लहान ॲम्प्लिफायरवर आवाज कमी-जास्त करण्याचे बटणसुद्धा नव्हते. ते काम वाद्यावरच्या बटणाने करायचे. १९४८ साली याच विद्यार्थीवर्गासाठी आठ इंची स्पीकरचा ‘चॅम्पियन ८००’ आला, पाठोपाठ सहा इंची स्पीकरचा ‘चॅम्पियन ६००’ आला, आणि पुढे हे घराणे ‘चॅम्प’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

चॅम्पची अंतर्रचना इतकी साधी आहे की कागदाच्या एका पानावर तिचा पूर्ण आराखडा मावतो. गिटारच्या तारांखालील पिकअपमधून आलेला क्षीण विद्युतसंकेत आधी एका लहान व्हॉल्व्हमध्ये वाढतो, मग एकाच पॉवर व्हॉल्व्हमध्ये त्याला बळ मिळते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून तो स्पीकरकडे जातो. तिसरा व्हॉल्व्ह घरातील वीज यंत्राला चालेल अशा एकदिश प्रवाहात बदलतो. पन्नाशीच्या दशकातील चॅम्पवर आवाजाचे एक बटण होते, बाकी काही नाही. शक्ती सुमारे पाच वॅट. असे आराखडे त्या काळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत छापलेले असत, त्यामुळे शोध म्हणावा असे त्यात फारसे नव्हते. लिओ यांचे कौशल्य मांडणीत होते. सगळे सुटे भाग एका फळीवर ओळीने जोडलेले, तारा मोकळ्या, आणि पेटीच्या आतल्या बाजूला कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा तक्ता चिकटवलेला. कोणत्याही गावातील रेडिओ दुरुस्त करणारा माणूस पेचकस आणि सोल्डरची इस्त्री घेऊन त्यावर काम करू शके. सत्तर वर्षांपूर्वीचे असे कित्येक ॲम्प्लिफायर आजही चालू स्थितीत आहेत, याचे श्रेय त्या मांडणीला द्यावे लागेल. पहिला ॲम्प्लिफायर घेणाऱ्याने चकचकीत दर्शनी भागापेक्षा आधी हे विचारावे, की हा बिघडला तर आपल्या शहरात कोण उघडील.

पाच वॅट हा आकडा ऐकून सदनिकेत राहणारा माणूस निर्धास्त होतो, आणि तेथे त्याची फसगत होते. वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचे नाते सरळ नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो; आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती जवळजवळ दहापट लागते. म्हणजे पन्नास वॅटच्या यंत्राचा आवाज पाच वॅटच्या यंत्राच्या साधारण दुप्पट भरतो, दहापट नव्हे. उलट बाजूने पाहिले तर पाचावरून अर्ध्या वॅटवर उतरूनही आवाज निम्माच होतो. एक वॅटला एक मीटर अंतरावर नव्वद डेसिबल आवाज देणारा स्पीकर घेतला, तर पाच वॅटला तो सत्त्याण्णव डेसिबलपर्यंत जातो. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी मर्यादा दिवसा पंचावन्न आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पंचेचाळीस डेसिबल आहे. मधल्या भिंती बराच आवाज अडवतात हे खरे. पण पूर्ण ताकदीने वाजणारा चॅम्प शेजाऱ्याची झोप मोडायला पुरेसा आहे.

लिओ यांना स्वतःला स्वच्छ, लखलखीत स्वर आवडे. कंट्री संगीतातील स्टील गिटारीचा तो खणखणीत नाद ही त्यांची आवड होती, आणि आवाज फाटणे हा त्यांच्या लेखी दोष होता. वादकांनी मात्र छोट्या ॲम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि त्याच फाटण्यात एक नवा रंग सापडला. व्हॉल्व्ह त्याच्या क्षमतेच्या टोकाला नेला की स्वर एकदम न तुटता हळूहळू भरड होत जातो, आणि बोट जोरात की हलके पडले यावर तो बदलतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हा गुण फार उपयोगी ठरला. एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी १९७० साली मायामीत ‘लैला’ या ध्वनिमुद्रिकासंचासाठी वाजवताना छोटे चॅम्प वापरले; ऐकणाऱ्याला वाटते की भिंतभर स्पीकर लावले असतील. घरात हा रंग हवा असेल तर पूर्ण आवाज सोसावा लागतो, आणि सदनिकेतील खरा पेच येथेच आहे.

१९५० सालानंतरचा लिओ यांचा कीर्तीचा काळ सर्वश्रुत आहे. भरीव लाकडाची गिटार त्यांनी १९५० साली बाजारात आणली. तिचे ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. जॉर्ज फुलर्टन, फ्रेडी टवारेस, फॉरेस्ट व्हाइट, आणि विक्रीची बाजू सांभाळणारे डॉन रँडल यांची साथ त्यांना लाभली. गिटारींची ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यामागे ॲम्प्लिफायरची कथा झाकली जाते.

लिओ वादकांचे म्हणणे बारकाईने ऐकत. नवा नमुना तयार झाला की तो एखाद्या स्थानिक वादकाला देत आणि तक्रारी येतील तसे त्यात बदल करीत. सभागृहे मोठी होत गेली, वाद्यवृंदात ढोल वाढले, तसतशी अधिक आवाजाची मागणी आली. बेससाठी १९५२ साली बनवलेला बेसमन पुढे दहा इंचांच्या चार स्पीकरांसह आला आणि गिटारवादकांनीच तो उचलला. लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्या कारागिरांनी १९६२ साली त्याच बेसमनच्या आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला, आणि रॉक संगीतातील उंचच उंच स्पीकरांच्या भिंतीचा पाया घातला गेला. कॅलिफोर्नियात डिक डेल हा तरुण वादक हजारो नाचणाऱ्या मुलामुलींसमोर इतक्या जोराने वाजवी, की लिओ यांनी दिलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक जळत गेले. दर वेळी जळलेले यंत्र फुलर्टनला परत येई आणि पुढचे थोडे दणकट होऊन जाई. शोमन हा पंधरा इंची स्पीकरचा बलदंड ॲम्प्लिफायर त्या खटाटोपातून सिद्ध झाला. १९६३ मध्ये ट्विन रिव्हर्ब आणि बावीस वॅटचा डिलक्स रिव्हर्ब आले. स्प्रिंगमधून स्वर फिरवून खोलीत घुमल्याचा आभास देणारी सोय त्यांत होती. ही यंत्रे आजही मानदंड मानली जातात, परंतु दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी डिलक्सही अवाढव्यच. मोठ्या नावाच्या मोहाने असा ॲम्प्लिफायर घ्यायचा आणि मग त्याचे बटण एकच्या पुढे कधी न्यायचे नाही, ही अवस्था अनेकांची होते.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर लिओ यांना सायनसचा जंतुसंसर्ग जडला. तो काही केल्या हटेना. दहाएक वर्षे औषधोपचार चालूनही प्रकृती खालावत गेली आणि आपण फार काळ जगणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कंपनी डॉन रँडल यांनाच पंधरा लाख डॉलरना देऊ केली. रँडल यांनी स्वतः न घेता मोठे गिऱ्हाईक शोधायचे ठरवले आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलर मोजून हा उद्योग विकत घेतला. ज्या यंत्रांना लिओ यांनी पावशतकाचे आयुष्य दिले होते, त्यांच्यावर आता त्यांचा अधिकार उरला नाही. १९७० पर्यंत सल्लागार म्हणून ते संलग्न राहिले, पण निर्णय दुसरेच घेत. विक्रीच्या करारानुसार दहा वर्षे या धंद्यात स्पर्धा न करण्याचे बंधनही त्यांच्यावर होते.

नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आणले. ते भरवशाचे नव्हते. कारखान्याची धुरा सांभाळणारे फॉरेस्ट व्हाइट यांनी त्या मालाला संमती देण्याचे नाकारले आणि नोकरी सोडली. ट्रान्झिस्टर म्हणजे कमअस्सल, हा वादकांमधील समज त्या अपयशाने पक्का झाला, तो अजून पुरता गेलेला नाही. सदनिकेत राहणाऱ्याने मात्र तो बाजूला ठेवावा. आजचे चांगले ट्रान्झिस्टरचे किंवा डिजिटल ॲम्प्लिफायर कमी आवाजातही भरड स्वर देतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना हेडफोन जोडता येतो. ज्याला रात्री दहानंतरच वेळ मिळतो, त्याच्यासाठी हेडफोनची सोय ही पहिली अट मानावी. व्हॉल्व्हचे सौंदर्य त्यानंतर. व्हॉल्व्हच्या यंत्राला, खास सोय नसेल तर, स्पीकर काढून नुसते चालू ठेवता येत नाही. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

दुकानात ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात ऐकवण्याची प्रथा आहे. मोठ्या आवाजात जवळपास प्रत्येक ॲम्प्लिफायर बरा वाटतो, कारण कान खर्ज आणि तीव्र स्वर तेव्हा अधिक टिपतात. म्हणून बोलण्याच्या आवाजाइतकाच तो वाजवून पाहावा, आणि तेवढ्या आवाजात स्वर बारीक, कोरडा होतो का ते तपासावे. बटण शून्यावरून किंचित फिरवताच आवाज एकदम उसळत असेल, तर घरात ते यंत्र छळेल. घरी आणल्यावर ते फरशीवर ठेवू नये. खुर्चीवर किंवा रबराच्या जाड पट्टीवर ठेवले तर खर्जाची थरथर खालच्या मजल्यावर कमी उतरते.

जुना अमेरिकन चॅम्प मिळाला तर आनंदच. मात्र तो तिकडच्या एकशे वीस व्होल्टच्या आसपासच्या विजेवर चालतो. येथील दोनशे तीस व्होल्टला थेट जोडला तर जळेल, म्हणून व्होल्टेज उतरवणारा योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय त्या काळच्या यंत्रांना दोनच पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे, आणि धातूची बैठक एका कपॅसिटरमार्फत विजेच्या तारेला जोडलेली असे. तो भाग बिघडला तर गिटारच्या तारांना झटका येऊ शकतो. अशा यंत्राला आधी तीन पिनांचे अर्थिंग करून घेणे अत्यावश्यक आहे, आणि ते जाणत्या कारागिराकडूनच, कारण प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो.

इकडे लिओ मरण पावले नाहीत. १९६८ साली त्यांनी डॉक्टर बदलले आणि नव्या उपचारांनी इतकी वर्षे छळणारा आजार बरा झाला. कंपनी तीन वर्षांपूर्वीच विकलेली होती. साठीकडे झुकलेला, पैशाची ददात नसलेला हा माणूस स्वस्थ बसू शकला असता. स्पर्धाबंदीची मुदत संपताच १९७५ मध्ये ते जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. ज्या ट्रान्झिस्टरने फुलर्टनच्या कारखान्यात फजिती केली होती, तोच या कंपनीच्या ॲम्प्लिफायरांत सुरुवातीच्या टप्प्यात वापरला गेला आणि शेवटच्या टप्प्याला व्हॉल्व्ह ठेवले गेले. १९७६ चा स्टिंगरे बेस याच काळातला. पुढे या कंपनीशीही मतभेद झाले. १९७९ मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या सहजीवनानंतर एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच सुमारास लिओ यांनी जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर ‘जी अँड एल’ ही नवी कंपनी काढली आणि १९८० साली फिलिस यांच्याशी दुसरा विवाह केला.

सीबीएसच्या हातून जुनी फेंडर कंपनी १९८५ साली तिच्याच व्यवस्थापकांच्या एका गटाने विकत घेतली. आपलेच नाव लावलेल्या त्या कंपनीशी लिओ यांचा तेव्हा काही संबंध नव्हता. ते गावातल्याच आपल्या नव्या कार्यशाळेत चुंबक, तारांची वेटोळी आणि गिटारचे पूल यांवर प्रयोग करीत राहिले. शेवटच्या वर्षांत कंपवाताने हात थरथरू लागले, बोलणे अवघड झाले, तरी कामावर जाण्याचा नेम चुकला नाही. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाचा समावेश झाला. जी अँड एलच्या कारखान्यातील त्यांची खोली, टेबलावरील अवजारांसह, त्यांनी सोडली तशीच ठेवण्यात आली.